सांगलीहून इफ्फीला जाताय? पर्वरीचा हिशेब आधी मांडा

इफ्फी, म्हणजे गोव्यात नोव्हेंबरात भरणारा भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव. तिकडे जायचं तर सगळ्यात आधी एक गैरसमज काढून टाका, कारण सांगलीतल्या जुन्या, फिरलेल्या प्रेक्षकांनी मला तोच पक्का करून पाठवलं होतं. डेलिगेट कार्ड, म्हणजे महोत्सवाला नाव नोंदवल्यावर मिळणारं ओळखपत्र, हे तिकीट नव्हे. कार्ड गळ्यात असलं तरी प्रत्येक खेळाची जागा आधी ऑनलाइन राखावी लागते आणि दारावर तिचा क्यूआर कोड दाखवावा लागतो. जागा मिळाली नाही तर वेगळी रांग असते, तिला तिथं सगळे रश लाईन म्हणतात. राखीव जागावाले आत गेले की उरलेल्या खुर्च्यांवर या रांगेतले. युरोपात बक्षीस मिळवून आलेला चित्रपट असेल तर तासभर आधी उभं राहिल्याशिवाय आशा धरू नका. "बिनधास्त जा, कोण विचारत नाही" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

आता प्रवास. मी रात्रीच्या खाजगी बसने गेलो. परत कधी जाणार नाही. कोल्हापूरच्या वाटेवरचा अंकली ते चोकाक हा पट्टा वर्षानुवर्षं रखडलेला आहे हे सांगलीकराला सांगायला नको. पुढे निपाणी, संकेश्वर, आजरा आणि मग आंबोलीची वळणं. झोप लागत नाही. बांद्यावरून गोव्यात शिरलं की म्हापसा येतं, त्यानंतर पर्वरी आणि मग मांडवीचा पूल ओलांडून पणजी. हा क्रम पाठ करा. आमच्या बसवाल्याने पहाटे अंधारात "पणजी, पणजी" ओरडत सगळ्यांना पर्वरीतच हमरस्त्यावर उतरवलं. पुढ्यात टॅक्सी उभी. पाच-सहा किलोमीटरला आठशे रुपये. मागे पाठीवर सॅक, समोर धुळीचा रस्ता, आणि तो माणूस शांतपणे म्हणतो की नको असेल तर थांबा. मी थांबलो. उजाडल्यावर म्हापसा-पणजी लोकल बस आली आणि नोटा मोडायचीही गरज न पडता कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या एसटीच्या, बसस्थानकावर पोचलो. तिथून पायलट घ्या, म्हणजे मोटारसायकल टॅक्सी. एकट्या माणसाला पणजीत याहून स्वस्त आणि वेगवान काही नाही, फक्त बसायच्या आधी भाडं ठरवा.

तुम्ही जाणार असाल तर सरळ मिरजेहून गोवा एक्स्प्रेसचं आरक्षण करा. लोंढा, कॅसलरॉक, कुळे करत मडगावला उतरायचं आणि तिथून कदंबची पणजी शटल. परत येताना मी हाच मार्ग धरला, चांगला गेला, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

खोलीबद्दल थोडक्यात: फोनवर ठरलेला दर दारात गेल्यावर वाढला. "महोत्सव आहे" एवढंच कारण. म्हणून ठरलेला दर मेसेजमध्ये लिहून घ्या आणि थोडे पैसे आधीच भरून ठेवा. पणजीत परवडत नसेल तर शेजारचं रायबंदर बघा. पर्वरीत स्वस्त मिळते म्हणून खोली घेऊ नका.

का नको, ते सविस्तर सांगतो, कारण माझे सगळ्यात जास्त तास इथंच वाया गेले. इफ्फीची थिएटरं एका जागी नाहीत. जुन्या मेडिकल कॉलेजच्या आवारात आयनॉक्स आणि शेजारी मॅक्विनेझ पॅलेस, ही एकमेकांना खेटून आहेत. सम्राट-अशोक पणजीतच, चालत जाता येतं. कांपालला कला अकादमी, तीही चालत. आणि एक आयनॉक्स पर्वरीत, मांडवीच्या पलीकडे. वेळापत्रकाच्या तक्त्यात सगळी नावं सारख्याच चौकटीत छापलेली असतात. कागदावर पर्वरी पाच किलोमीटर. गेल्या नोव्हेंबरात पर्वरीतून उड्डाणपुलाचं काम चालू होतं, हमरस्ता ठिकठिकाणी वळवलेला, दिवसभर धूळ आणि ट्रक. दुपारी पाच किलोमीटरला पाऊण तास लागला, आणि मला पाहायचा असलेला मध्य आशियातला चित्रपट अर्धा होऊन गेला होता. उशिरा आत सोडत नाहीत, आणि सोडूही नये. दुसऱ्यांदा चालत जायचं ठरवलं. पुलावर उन्हात गाड्यांच्या कडेकडेने चालणं हा मूर्खपणा आहे, तुम्ही करू नका.

उपाय आहेत. पहिला, पर्वरीचा दिवस वेगळा काढा. सकाळी जा, सलग खेळ पाहा, संध्याकाळी पणजीत या. एका दिवसात पुलापलीकडे दोन फेऱ्या करायच्या नाहीत, म्हणजे नाहीतच. दुसरा, पणजीच्या धक्क्यावरून बेतीला फेरीबोट जाते, पायी माणसाला पैसे पडत नाहीत. बेतीवरून पर्वरीचा चढ आहे, पण चालायची सवय असलेल्या माणसाला काही नाही, आणि वाहतुकीत अडकायचा प्रश्नच येत नाही. हे मला शेवटी शेवटी कळलं, एका कणकवलीच्या शिक्षकाकडून. तिसरा, राखीव जागा घेताना दोन खेळांमधलं अंतर संपण्याच्या वेळेपासून मोजा, सुरू होण्याच्या वेळेपासून नको. खेळानंतर दिग्दर्शक बोलायला उभा राहिला तर आणखी वीस मिनिटं जातात, आणि ती सोडण्यासारखी नसतात.

आता ज्यासाठी एवढं लांब गेलो ते. एका सकाळी, नऊच्या सुमारास, एका नव्या मराठी दिग्दर्शकाचा चित्रपट पाहिला. आपल्याकडच्या दुष्काळी गावात चित्रित केलेला, सगळे नट तिथलेच. थिएटर अर्धं रिकामं होतं. त्याच वेळी बाहेर दुसऱ्या पडद्यासाठी रश लाईन इमारतीला वळसा घालून गेली होती. मला फार वाईट वाटलं, आणि तिथंच कळलं की महोत्सव नक्की कशासाठी असतो. खेळ संपल्यावर दिग्दर्शकाने सांगितलं की चित्रपट पुरा होऊन वर्ष उलटलं, एकाही वितरकाने थिएटरात लावायची तयारी दाखवली नाही, आणि लोकांसमोर झालेले खेळ सगळे महोत्सवांतलेच.

याला फालतू तक्रार समजू नका. असा सिनेमा चालतो तोच या वाटेने. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'ला पटकथेच्या पायरीवर रॉटरडॅम महोत्सवाच्या ह्युबर्ट बाल्स निधीने मदत केली. २०१४ मध्ये व्हेनिसला त्याला दोन पुरस्कार मिळाले, मग राष्ट्रीय पुरस्कारांत सुवर्णकमळ, आणि त्यानंतर एप्रिल २०१५ मध्ये तो आपल्याकडे थिएटरात लागला. रोहन कानवडे यांच्या 'साबर बोंडं'ला जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात ज्युरीचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला आणि सप्टेंबरात तो भारतात प्रदर्शित झाला. तारखांचा क्रम बघा. आधी महोत्सव, मग आपलं थिएटर. निवड समितीचा शिक्का, परदेशी विक्री करणारी मंडळी, वृत्तपत्रांतली परीक्षणं, हे सगळं एका आठवड्यात एका गावात जमतं, म्हणून वितरक फोन उचलतो. इफ्फीच्या काळातच गोव्यात २००७ पासून फिल्म बाजार भरतो, तिथं अर्धवट झालेले चित्रपट घेऊन लोक निर्माते शोधत फिरतात. इफ्फीच्या डेलिगेट कार्डावर तिथं आत जाता येत नाही, पण संध्याकाळी पणजीतल्या चहाच्या टपरीवर त्यांची बोलणी कानावर पडतात. ती ऐका.

तरीही एक गोष्ट सलते. पहिला इफ्फी १९५२ मध्ये मुंबईत झाला आणि तिथून मद्रास, दिल्ली, कलकत्त्याला गेला. 'बायसिकल थीव्ह्ज'सारखे परदेशी चित्रपट लोकांनी आपापल्या शहरात पाहिले. २००४ पासून महोत्सव गोव्यात स्थिरावला. चांगलंच झालं, त्याला घर मिळालं. पण आता प्रेक्षकाने तिकडे जायचं, सिनेमाने इकडे यायचं नाही, असं होऊन बसलंय. ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन साजरा करणाऱ्या, १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांचं नाटक पाहिलेल्या आपल्या सांगलीत जगातला चांगला सिनेमा मोबाईलवरच पाहावा लागतो, हे मला पटत नाही.

काय पाहावं यावर माझं मत स्पष्ट आहे. उद्घाटनाचा सोहळा आणि लाल गालिचा सोडा, त्या वेळात झोप घ्या. जे चित्रपट महिन्याभरात ओटीटीवर येणार आहेत त्यांच्यासाठी रांगेत पाय दुखवू नका. इंडियन पॅनोरमा या भारतीय चित्रपटांच्या विभागाचे सकाळचे खेळ पाहा, नाव माहीत नसलेले पाहा. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पहिलाच चित्रपट करणाऱ्या दिग्दर्शकांचा वेगळा विभाग असतो, तो मला सुवर्णमयूराच्या, म्हणजे महोत्सवाच्या सर्वोच्च पुरस्काराच्या, स्पर्धेपेक्षा जिवंत वाटला. सुवर्णमयूराला ४० लाख रुपये आहेत, त्यामुळे तिकडे चर्चा जास्त. जुने, दुरुस्त केलेले चित्रपट मोठ्या पडद्यावर आवर्जून पाहा. आणि परदेशी चित्रपट तिथं कात्री न लागता दिसतात, कारण महोत्सवाला सेन्सॉर प्रमाणपत्रातून सूट मिळते. ही संधी सांगलीच्या थिएटरात मिळणार नाही.

दिवसाला चार खेळांच्या वर जाऊ नका. पाचव्याला मी डोळे उघडे ठेवून काहीच पाहत नव्हतो. थिएटरात गारठा असतो, उपरणं किंवा स्वेटर हवाच. पॉवर बँक नसेल तर जागा राखायच्या वेळी फोन बंद पडतो आणि दिवस जातो. आवारातल्या स्टॉलवर जेवू नका, पाच मिनिटं आत गल्लीत चाला, भाजी-पाव आणि फिश थाळी निम्म्या पैशांत मिळते. चित्रपट चालू असताना फोन उघडणारे, अर्ध्यातून उठून जाणारे भरपूर भेटतील. भांडू नका, मधल्या रांगेत आत बसा, सबटायटल पण तिथूनच नीट वाचता येतात.

गोवा जमत नसेल तर कोल्हापूर गाठा. कलामहर्षी बाबूराव पेंटर फिल्म सोसायटी तिथं आंतरराष्ट्रीय महोत्सव भरवते. सांगलीहून तासा-दीड तासाची वाट, तीही त्याच खड्ड्यांची, पण संध्याकाळी घरी येता येतं.

त्या सकाळच्या चित्रपटाच्या दिग्दर्शकाला मी थेट विचारलं, सांगलीत एक खेळ द्याल का. तो लगेच हो म्हणाला, मानधन नको, फक्त पडदा आणि आवाज नीट हवा आणि प्रेक्षक खरे हवेत. सेन्सॉर प्रमाणपत्र त्याच्याकडे आहे, म्हणजे जाहीर खेळाला अडचण नाही. हॉलचं भाडं आणि चांगला प्रोजेक्टर, एवढाच खर्च. दीडशे माणसांनी प्रत्येकी दोनशे रुपये काढले तर तो निघतो. जानेवारीतला एखादा रविवार मी त्याला कळवणार आहे. मिरज, सांगली, कुपवाडमधले जे येणार असतील त्यांनी आत्ताच सांगा, आणि चांगला प्रोजेक्टर भाड्याने देणारं कुणी माहीत असेल तर तेही.