एअर इंडियाला सोडू ना?

"एअर इंडियाला सोडू ना?" टॅक्सीवाल्या काकांनी आज नरिमन पॉइंटला विचारलं.

"काका, एअर इंडिया इथून कधीच गेली," मी म्हटलं.

मीटरवरचं बोट तसंच ठेवून ते म्हणाले, "कंपनी गेली हो. बिल्डिंग कुठे गेली?"

उतरून मी कितीतरी वेळ मान वर करून बघत राहिले. १९७४ सालचे हे २३ मजले. १२ मार्च १९९३ला इथेही बॉम्बस्फोट झाला, तरी इमारत उभी राहिली. २०१३मध्ये मुख्यालय दिल्लीला गेलं, तेव्हा मात्र फार वाईट वाटलं होतं. २०२३मध्ये राज्य सरकारने १,६०१ कोटींना ती घ्यायचं ठरवलं, मंत्रालयात न मावणाऱ्या कार्यालयांसाठी.

उद्या कामाचे कागद घेऊन गावाहून येणारा माणूस टॅक्सीत बसून काय सांगेल?