रुंद पोटाची बघून द्या

खेकडी घ्यायला आलेलं गिऱ्हाईक आधी नांग्या बघतं. पावसाळ्यात कराडच्या मंडईबाहेर पाटण खोऱ्यातल्या बायका घमेली घेऊन बसतात, तिथं जो तो "मावशी, मोठ्या नांगीचा काढा" एवढंच म्हणतो. नांगीत मांस असतं, तेव्हा मागणी रास्तच. मोठी नांगी बहुधा नराचीच निघते, आणि त्याच्याही दोन्ही नांग्या सारख्या नसतात. एक थोराड, दुसरी बेताची. पण तेवढ्यावरून नर-मादी ठरवणं म्हणजे अंदाजपंचे. भांडणात तुटलेली नांगी पुन्हा फुटते तेव्हा आधी बारकीच असते, आणि जुन्या जाणत्या मादीची नांगीही बोट सोलून काढते.

मावशी नांगीच्या भानगडीत पडत नाहीत. मागच्या बाजूनं कवच चिमटीत धरायचं आणि खेकडा उताणा करायचा. "ह्यो बघा गडी. आन् ही बाई." नराच्या पोटावर मधोमध एक अरुंद पट्टी घट्ट बसलेली असते. बुडाशी रुंद, पुढं एकदम निमुळती, साधारण इंग्रजी टी अक्षरासारखी. मादीची हीच पट्टी गोलसर आणि ऐसपैस, पार पायांच्या मुळापर्यंत पोचलेली. खरं म्हणजे ही पट्टी खेकड्याची शेपटीच. कोळंबीची मागं लांब असते, यानं ती पोटाखाली दुमडून घेतलीय. नखानं उचलली की उरलासुरला संशयही फिटतो. नराच्या पट्टीखाली मीलनाच्या कामाच्या कडक काड्यांच्या दोन जोड्या असतात, मादीच्या पट्टीखाली अंडी धरून ठेवायला केसाळ उपांगांच्या चार. कोवळ्या मादीची पट्टी मात्र अरुंदच असते, कात टाकत ती वयात आली की रुंदावते. त्यामुळे बारक्या खेकड्यांबद्दल मावशीही छातीठोकपणे बोलत नाहीत.

एकदा त्यांनी अशीच एक मादी उताणी केली तर पट्टी सैल लोंबत होती. आत ज्वारीच्या दाण्याएवढे खेकडेच खेकडे, एकमेकांच्या अंगावर चढत असलेले. अगदी पायबियांसकट! समुद्रातल्या चिंबोरीची अंडी लाखांनी असतात, आणि पिल्लं रूप पालटत पाण्यावर तरंगत वाढतात. ओढ्यातल्या खेकडीला ही चैन परवडणार नाही. तिची पिल्लं अशी तरंगत बसली तर आषाढातल्या लोंढ्याबरोबर कोयनेतून कृष्णेत आणि पुढं बंगालच्या उपसागराच्या वाटेला लागायची. म्हणून हिची अंडी शेकड्यांतच, पण टपोरी. त्यांतून थेट छोटा खेकडाच बाहेर येतो आणि पुढचे काही दिवस आईच्या पोटाखालीच काढतो. मावशींनी ती मादी वेगळ्या डब्यात टाकली. "जाताना वढ्यात सोडीन," म्हणाल्या.

शास्त्रज्ञांचा जीव मात्र नरात. गोड्या पाण्यातल्या खेकड्याची जात ठरवताना ते नराच्या पट्टीखालची पहिली जोडी भिंगाखाली धरतात; तिचं वळण कसं, टोक कसं, यावर नाव ठरतं. २०१६ साली सह्याद्रीतल्या पाच नव्या जातींची नोंद झाली, त्या कामातही हा अवयव महत्त्वाचा. नुसती मादी हाती आली तर बऱ्याचदा नावाचं घोडं अडतं. पोरंबाळं हिच्या पोटाशी, आणि कुळाचं नाव गड्यावरून. इथंही!

आमच्या स्वयंपाकघरात नावाचं काही अडत नाही. बारके पाय पाट्यावर वाटायचे, पाणी गाळून रश्श्यात घालायचं, नांग्या फोडून वर सोडायच्या. वाद होतो तो कवचाखाली केशरी गाभोळी निघाली की. ती कुणाच्या ताटात पडायची, यावरून सासूबाई आणि त्यांचा नातू यांच्यात दर वेळी जुंपते. म्हणून हल्ली मी घमेल्यापाशी बसते आणि स्पष्टच सांगते, "मावशी, पिल्लांची नको, पण रुंद पोटाच्या दोन बघून द्या. भांडायला एक पुरत नाही."