पी-थ्री, भाग ५: १०,७८३चं भूत उतरलं

सापडलं! जुन्या पी-थ्री (पेंटियम थ्री) कॉम्प्युटरला ८० जीबीची हार्ड डिस्क बसवतोय; मागच्या भागात ती भंगारात घालायला निघालो होतो, ते शब्द मागे घेतो. डिस्क ठणठणीत आहे, खोट एफडिस्कमध्ये, म्हणजे डिस्कचे भाग (पार्टिशन) पाडायच्या प्रोग्रॅममध्ये होती.

नवा बायॉस (मशीन सुरू करणारा, बोर्डावरच्या चिपमधला प्रोग्रॅम) फ्लॅश केल्यापासून ३२ जीबीपाशी गोठणारा मदरबोर्ड ८० जीबीची डिस्क मुकाट ओळखतोय, हे मागे लिहिलंच होतं. (जंपर, म्हणजे डिस्कच्या पिनांवरची चिमुकली टोपी, लावून डिस्क ३२ जीबीवर छाटा म्हणणाऱ्यांनो, ऐकताय ना?) पण विंडोज ९८च्या बूट फ्लॉपीवरून एफडिस्क उघडलं, तर एकूण जागा १०,७८३ एमबी. ८० जीबीतले दहाच?

दोन रात्री ह्यात गेल्या. ८० तारांची केबल टाकून पाहिली, जंपर मास्टरचा स्लेव्ह केला, विकणाऱ्याला मनातल्या मनात शिव्या घालून झाल्या. शेवटी डिस्क काढून यूएसबी अडॅप्टरने लॅपटॉपला लावली. तिथे पूर्ण दिसली: ८०,०२,६३,६१,८५६ बाइट.

मग काल कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. १०२४ने दोनदा भागलं, आले ७६,३१९ एमबी. त्यातून एफडिस्कचे १०,७८३ वजा केले.

६५,५३६.

दोनाचा सोळावा घात! एफडिस्क मेगाबाइटचा आकडा सोळा बिटांत ठेवतं. ६५,५३५ झाले की जुन्या स्कूटरच्या किलोमीटरसारखं पुन्हा शून्यापासून. मायक्रोसॉफ्टने नंतर दुरुस्त एफडिस्क काढलं होतं, ते फ्लॉपीवर टाकलं आणि ७६,३१९ दिसल्यावर घरच्यांना उठवून दाखवलं. कोणालाही कौतुक नाही. फॉरमॅटसुद्धा आकडा चुकीचाच दाखवतं, पण काम बरोबर करतं, तेव्हा घाबरू नका.

रॅमचं थोडक्यात. २५६ एमबीची पट्टी १२८ दिसत होती, तिचाही उलगडा झाला. पट्टीवर आठच चिपा, म्हणजे प्रत्येक २५६ मेगाबिटची, आणि आपल्या बोर्डाच्या ४४०बीएक्स चिपसेटला १२८ मेगाबिटच्या पुढची चिप कळत नाही. सोळा चिपांची पट्टी लावली, पूर्ण २५६ आले. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात कोणी ‘चालेल साहेब’ म्हणालं तरी पट्टी उलटून चिपा मोजा, मगच पैसे काढा.

आता सगळी डिस्क एकच सी करून फॉरमॅटला लावणार होतो, पण हे लिहिता लिहिता क्लस्टर आठवले, म्हणजे फाइलला मिळणारे डिस्कवरच्या जागेचे सर्वांत लहान तुकडे. फॅट३२ ह्या फाइलींच्या मांडणीत पार्टिशन ३२ जीबीच्या वर गेलं की क्लस्टर ३२ केबीचा. डॉस गेम्सच्या फोल्डरात दोन-दोन केबीच्या फायलींचा नुसता खच आहे, दर फाइलमागे ३० केबी पाण्यात! ८ जीबीच्या आत राहिलं तर क्लस्टर ४ केबीचाच पडतो. तेव्हा बेत बदलला: सी ७,५०० एमबीची, तिच्यावर विंडोज आणि गेम्स. उरलेली सगळी डी, सीडींच्या इमेजसाठी. तिथे मोठे क्लस्टर बरेच.

पार्टिशन उडवून नवी केली. सीचं फॉरमॅट चालू आहे, ३४ टक्के.