हॅमकच्या गाठी शिकताना

हॅमकच्या, म्हणजे दोन झाडांमध्ये टांगून झोपायच्या झोळीच्या, गाठीनं रात्रभर वजन धरलं पाहिजे आणि सकाळी ती दोन बोटांनी सुटली पाहिजे. यातलं दुसरं जास्त अवघड आहे. निरगाठ कुणालाही मारता येते, पण दवानं भिजलेली, वजनानं आवळलेली निरगाठ शेवटी विळ्यानंच कापावी लागते.

मी शिकलो अंबाजोगाईजवळ मामांच्या शेतात. अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय मुक्काम करता येत नाही, आणि बांधावरच्या दोन जुन्या चिंचांमधलं अंतर हॅमकला अगदी बेताचं होतं. सुरुवात बोलाइनपासून केली. दोरीच्या लांब भागात छोटा वेढा घ्यायचा, टोक त्यातून खालून वर काढायचं, लांब दोरीच्या मागून फिरवायचं आणि त्याच वेढ्यातून परत खाली न्यायचं. मोठं कडं तयार होतं आणि कितीही ओढलं तरी ते आवळत नाही.

मामा मागं उभे होते. "काय करायलास रे? जनावराच्या गळ्यात दावं असंच बांधतेत. आवळलं तर मरंल की ते." त्यांनी दोरी हातात घेतली आणि न बघता तीच गाठ मारून दाखवली. व्हिडिओत हळूहळू समजत होतं, ते त्यांच्या हाताकडं बघून एका दमात कळलं. फक्त एक फरक ध्यानात ठेवावा लागतो. सुती दाव्यावर ही गाठ घट्ट बसते, पण गुळगुळीत सिंथेटिक दोरीवर भार निघाला की ढिली पडू शकते. म्हणून मी टोक वीतभर लांब ठेवतो आणि त्याची एक जादा गाठ मारतो.

झाडाला मात्र बारीक दोरी लावू नये, ती सालीत रुतते. तिथं रुंद पट्टा हवा. पट्ट्यावर मार्लिनस्पाइक गाठ घेऊन तिच्यात काडी अडकवायची आणि हॅमकचं कडं त्यावरून टाकायचं. कडं काडीवर नाही, काडीच्या मागच्या गाठीवर टेकलं पाहिजे. काडीवर भार आला तर ती मोडते. उतरवताना काडी उपसली की गाठ आपोआप नाहीशी होते. मला सगळ्यात आवडलेली गाठ हीच.

पट्टा किती ताणायचा, हेही गाठीइतकंच महत्त्वाचं. पट्टा आडव्या रेषेशी साधारण 30 अंशांचा कोन करत असेल, तर 70 किलोच्या माणसामुळं प्रत्येक बाजूला 70 किलोचाच ताण येतो. हॅमक बाजेसारखा सपाट हवा म्हणून पट्टा 10 अंशांवर आणला, की तोच ताण 200 किलोच्या घरात जातो. त्यामुळं पट्टा सैल बांधायचा आणि हॅमकमध्ये तिरकं झोपायचं. पाठ सरळ राहते. झाड चिंच, आंबा, कडुलिंब असं भक्कम बघावं. शेवग्याला बांधूच नये, त्याचं लाकूड ठिसूळ.

वर ताडपत्री असेल तर मधल्या दोरीला ट्रकर्स हिच. ट्रकवाले माल आवळतात तीच, शेवटी ओढून सोडायचा फासा ठेवून. कोपऱ्यांच्या दोऱ्यांना टॉट-लाइन हिच, म्हणजे भिजून नायलॉन सैल पडलं की गाठ सरकवून ताण परत आणता येतो. प्रुसिकही शिकलो. कार्ल प्रुसिक या ऑस्ट्रियन गिर्यारोहकाची ही गाठ: मोकळी असताना सरकते, भार आला की पकडते. तिची दोरी मूळ दोरीपेक्षा बारीक असावी लागते, नाहीतर पकड बसत नाही.

मे महिन्यात संध्याकाळी पश्चिमेकडं ढग भरले, की मी मुक्कामाचा विचार सोडतो. वळवाच्या विजा झाडाखालीच जास्त धोक्याच्या, आणि आपल्याकडं दरवर्षी शेतात माणसं त्यात जातात. पहिला गडगडाट ऐकताच काड्या उपसायच्या, फासे ओढायचे, सगळं पिशवीत कोंबायचं आणि मामांच्या घरी जायचं. ओल्या दोऱ्या दुसऱ्या दिवशी सावलीत पसरून वाळवाव्या, कारण कडक उन्हानं नायलॉन कमकुवत होतं.