सालिनास ग्रांदेस: घाटापलीकडचं मिठागर

अर्जेंटिनाच्या वायव्य टोकाला, हुहुई प्रांतात, पुरमामार्का नावाचं चिमुकलं गाव आहे. तिथल्या सात रंगांच्या डोंगराचे फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात, म्हणून त्यावर वेळ घालवत नाही. गावातून ५२ क्रमांकाचा रस्ता कुएस्ता दे लिपानचा घाट चढतो आणि ४,१७० मीटरवर नेऊन सोडतो. खिंडीत उतरून चार पावलं भरभर टाकली तर धाप लागली. चालकाच्या गालात, उंचीवरच्या त्रासावर इथे चघळतात ती कोकाची पानं केव्हाचीच होती. त्यानं पिशवी माझ्यापुढे केली. चव कडवट. डोकं दुखायचं थांबलं ते पानांमुळे की पलीकडे उतार लागल्यामुळे, देव जाणे.

उतारावरून आधी एक पांढरी रेघ दिसते. तिचा पट्टा होतो, आणि मग पट्ट्याशिवाय काही दिसतच नाही. हेच सालिनास ग्रांदेस. हे मिठागर साधारण ३,४५० मीटर उंचीवर आहे. इथलं पाणी समुद्राला मिळत नाही. डोंगरातले क्षार घेऊन येतं, या खोलगटात अडकतं आणि वाळून जातं. बोलिव्हियातलं उयुनीचं मिठागर याच्या कितीतरी पट मोठं, पण मला हेच आवडलं, कारण इथे माणसं काम करताना दिसतात.

मिठावर मनाला येईल तशी गाडी घालता येत नाही. जवळच्या वस्त्यांमधले वाटाडे सोबत घ्यावे लागतात, आणि ते बरंच आहे. आमच्या वाटाड्या बाईंनी थेट हौदांकडे नेलं. मिठाच्या थरात कापलेले लांबट, उथळ चौकोन. खालून झिरपलेलं खारं पाणी त्यांत निळं-हिरवं दिसतं. ऊन-वाऱ्यानं पाणी उडतं आणि काठाला खडे धरतात. त्यांच्या कडा इतक्या धारदार, की नुसतं बोट फिरवलं तर ओरखडा उठला. कामगारांची तोंडं कापडानं गुंडाळलेली, डोळ्यांवर काळे चष्मे. ऊन वरून भाजतं तेवढंच खालूनही.

आमच्या गाडीतली मंडळी मात्र प्लास्टिकचा डायनासोर पुढे ठेवून तो माणसांहून मोठा दिसेल असे फोटो काढण्यात गुंग होती. असो.

या मिठाखालच्या पाण्यात बॅटऱ्यांसाठी लागणारं लिथियम आहे. ते काढायची नेहमीची पद्धत म्हणजे खारं पाणी उपसायचं आणि मोठ्या तळ्यांत वाळवायचं. आधीच कोरडा मुलूख, त्यात एवढं पाणी हवेत सोडायचं, हे इथल्या कोया आणि अताकामा या मूळनिवासी लोकांच्या गावांना पटलेलं नाही. वर्षानुवर्षं विरोध चालू आहे. बाईंना विचारलं, तर म्हणाल्या, “झरे आटले तर आमची लामा जनावरं कुठे न्यायची, ते आधी सांगा.”

जायचं तर सकाळीच जा. दुपारी वारा सुटतो आणि मिठाचे कण डोळ्यांत जातात. गॉगल आणि टोपी हवीच. हनुवटीखालीही क्रीम लावा, मी तिथेच भाजलो.