तुम्ही विचारलंत म्हणून: विषाणूला हे कळते कसे?

पावसाळ्यात डेंग्यूच्या तापाची चर्चा सुरू झाली, की जालन्यात ओळखीचे लोक मला थांबवून एकच गोष्ट विचारतात. नळाच्या पाण्याचा भरवसा नसल्याने घरोघरी टिपाडे भरलेली असतात, डास तिथेच वाढतात, हे त्यांना ठाऊक असते. त्यांचा प्रश्न त्यापुढचा असतो: "सर, त्या विषाणूला ना मेंदू, ना पेशी. मग आपल्या अंगात शिरल्यावर काय करायचे, हे त्याला कळते कसे?"

'ते त्याच्या जनुकांत लिहिलेले असते' हे उत्तर चूक नाही, पण अपुरे आहे. लिहिलेला मजकूर जितका महत्त्वाचा, तितकीच तो मजकूर ज्या धाग्यावर असतो त्याची घडी, म्हणजे त्याचे दुमडणेही महत्त्वाचे असते, आणि सूक्ष्मजीवशास्त्र इतकी वर्षे शिकवूनही मला या घडीचे नवल वाटते.

डेंग्यूचा जनुकसंच म्हणजे आरएनए या जनुकीय रेणूचा सुमारे 10,700 अक्षरांचा (म्हणजे रासायनिक घटकांचा) एकच धागा. तो धन-सूत्री, म्हणजे थेट वाचून प्रथिन बनवता येईल असा, असल्यामुळे आपल्या पेशीतील प्रथिने बनवणारे रायबोसोम त्याला स्वतःच्याच पेशीचा निरोप समजून थेट वाचतात आणि त्यातून अखेर 10 प्रथिने तयार होतात. त्यांपैकी एनएस5 हे प्रथिन धाग्याची नक्कल करते. खरी अडचण इथे आहे. रायबोसोम धाग्याच्या शेंड्याकडून बुडाकडे वाचत जातो, तर नक्कल बुडापासून सुरू होऊन शेंड्याकडे सरकते. अरुंद पुलावर उसाच्या दोन ट्रॉल्या समोरासमोर याव्यात, तशी ही स्थिती असते. शिवाय पेशीत तिचे स्वतःचे असंख्य आरएनए असतात, त्यांतून नेमका आपलाच धागा एनएस5ने ओळखायचा असतो.

धाग्याच्या शेंड्याकडची सुमारे 70 अक्षरे स्वतःभोवती दुमडून एक फांद्याफांद्यांचा आकार घेतात आणि एनएस5 तो आकार पकडते. काम मात्र दहा हजारांहून अधिक अक्षरे पलीकडे, बुडाशी सुरू व्हायचे असते. त्यासाठी दोन्ही टोकांजवळ एकमेकांशी जोडी जमणारी अक्षरे आहेत. ती जुळली की धाग्याचे कडे होते, शेंड्याशी बसलेले एनएस5 आपोआप बुडापाशी पोहोचते आणि तिथल्या घडीचा पायथा उकलून नक्कल सुरू करायची जागा मोकळी होते. टोक तुटलेला धागा असा जुळू शकत नाही, म्हणून त्याची नक्कलही होत नाही.

हे केवळ तर्काने मांडलेले नाही. संशोधकांनी एका टोकाची जोडीची अक्षरे बदलली तेव्हा नक्कल थांबली. मग दुसऱ्या टोकाची अक्षरेही त्यांना जुळतील अशी बदलली, तेव्हा ती पुन्हा सुरू झाली. म्हणजे तिथे अमुकच अक्षर हवे असे नसते, जोडी जुळणे निर्णायक असते. वर्गात हे सांगताना मी दरवेळी थोडा थांबतो.

पोलिओच्या विषाणूत शेंड्याशी तिपानी गवताच्या पानासारखी घडी असते, आणि तिच्याशिवाय त्याची नक्कल होत नाही. करोनाच्या धाग्यात मध्येच एक गाठ असते. तिच्यापाशी अडखळून काही रायबोसोम एक अक्षर मागे सरकतात आणि त्यामुळेच नक्कल करणारे प्रथिन तयार होते.

डेंग्यूच्या बुडाकडे आणखी एक घडी आहे. आपल्या पेशीतील एक्सआरएन1 हे विकर (एन्झाइम) आरएनए शेंड्याकडून कुरतडत येते, पण या कड्यासारख्या घडीपाशी ते अडते. मागे उरलेला काही शे अक्षरांचा तुकडा वाया जात नाही. तो साचत जातो आणि पेशीच्या विषाणूविरोधी प्रतिकारात अडथळा आणतो.