लांब घसा

एनुगूच्या एका रुग्णालयात कान-नाक-घसा तज्ज्ञ म्हणून रुजू होऊन मला जेमतेम तीन आठवडे झाले होते. आग्नेय नायजेरियातील या शहरात वयस्कर माणसे डॉक्टरांशीही इग्बोतच बोलतात, म्हणून कामापुरते शब्द मी वहीत देवनागरीत उतरवून ठेवले होते. त्यांतला पहिला ‘अक्पिरी’, म्हणजे घसा. त्यातील क आणि प एकाच क्षणी उच्चारावे लागतात, जे मला अजूनही नीट जमत नाही.

त्या सकाळी एक आजी सात-आठ वर्षांच्या नातवाला घेऊन आल्या. मुलाची लाळ गळत होती आणि आवंढा गिळताना तो मान वाकडी करत होता. आजी त्याच्याकडे बोट दाखवून पुनःपुन्हा ‘अक्पिरी ओगोलोगो’ म्हणत होत्या. ओगोलोगो म्हणजे लांब, हे मला ठाऊक होते. त्यामुळे पडजीभ लांब असल्याची जुनी तक्रार असावी असे समजून मी केसपेपरवर तसे लिहूनही टाकले. ते वाचून सिस्टरांना हसू आवरेना. “डॉक्टर, आजी आजार सांगत नाहीत, नातवाला बोल लावताहेत. लांब घशाचा म्हणजे हावरट!”

मोठी माणसे जेवायला बसण्याआधीच पोराने ओफे ओनुग्बूतला, म्हणजे कडू पाल्याच्या रश्श्यातला, माशाचा तुकडा पळवून घाईघाईने गिळला होता; आणि अडकलेला काटा खाली ढकलण्यासाठी आजींनी त्याला फुफूचे, म्हणजे कंदाच्या घट्ट शिजवलेल्या लगद्याचे, दोन गोळे न चावता गिळायला लावले होते. आपल्याकडे भाताचा गोळा किंवा केळे देतात तोच हा प्रकार, आणि तितकाच धोक्याचा, कारण त्याने काटा अधिक खोल रुतू शकतो. सुदैवाने तो उजव्या टॉन्सिलमध्येच होता. जीभ दाबताच त्याचे पांढरे टोक चमकले आणि चिमट्याने तो अलगद बाहेर आला.

नंतर सिस्टरांकडून कळले, की हेच शब्द पैशाच्या लोभालाही लागू होतात आणि नायजेरियन पिजिनमध्ये, म्हणजे तिथल्या इंग्रजीवर आधारलेल्या बोलीतही, हावरटाला ‘लाँग थ्रोट’ म्हणतात. आपण मराठीत चोचले जिभेचे पुरवतो आणि दुसऱ्याची जमीन मात्र घशात घालतो. इग्बोत ही दोन्ही खाती घशाकडेच आहेत. एवढेच नव्हे, तर तहान लागली हे सांगतानाही तिथे ‘घसा सुकतो आहे’ असेच म्हणतात.

केसपेपरवरची ओळ मी खोडत होतो, तेव्हा मुलाने खरखरत्या आवाजात आजींना काहीतरी विचारले. घरी उरलेल्या माशाची चौकशी होती. आजींनी पुन्हा तेच दोन शब्द उच्चारले, आणि या वेळी मला दुभाष्याची गरज पडली नाही.